बिबट्या दिसला, डुकरं शिरली : वनरक्षकाला कधी आणि कशी हाक माराल?

तुरीला शेंगा धरल्या, हरभरा वर आला आणि ऊसतोड सुरू झाली की नांदेड-लातूर भागातले वाचक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. "फोन पोलिसांना करायचा की तहसीलला?" "तलाठ्यानं पाहणी केली तर चालतं का?" "बिबट्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतोय, पोरांना शाळेत पाठवावं का?" "फॉरेस्टचं ऑफिस तालुक्याला, आमच्या आखाड्यावर येणार कोण?"

या सगळ्या प्रश्नांचं पहिलं उत्तर म्हणजे तुमच्या गावाचा वनरक्षक. त्याचं नाव आणि नंबर तुमच्याकडे जनावर दिसण्याच्या आधीपासून असायला हवा. ऐन वेळी शोधाशोध सुरू केली की अर्जाची मुदत निघून जाते, पुरावा तुडवला जातो आणि जनावराला बाहेर पडायला वाट उरत नाही, इतकी गर्दी जमते.

"आमच्याकडे जंगलच नाही" असं समजू नका

किनवट-माहूरच्या सागवानी जंगलाजवळच्या आणि पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांना अस्वल, बिबट्या, रानडुक्कर यांची सवय आहे. बेसावध असतात ती लातूरकडची गावं. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे, पण वन्यप्राणी वनाच्या हद्दीत बसून राहत नाहीत. माळरानावर लांडगा, तरस, हरीण आणि काळवीट असतात. ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात रानडुकरं आणि रोही लपतात. उभ्या उसात बिबट्याला आडोसा, पाणी आणि गावची कुत्री असं सगळंच मिळतं.

वाघ तर त्याहून लांब फिरतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून कॉलर लावलेला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट परिसरात दिसला. लातूरहून येडशी काही लांब नाही. म्हणून खालची माहिती नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावासाठी आहे.

तुमचा वनरक्षक कोण, हे आधी शोधा

वनविभागाची उतरंड साधी आहे. जिल्हा पातळीवर उपवनसंरक्षक, त्यांच्या हाताखाली सहायक वनसंरक्षक, परिक्षेत्राला वनपरिक्षेत्र अधिकारी, परिमंडळाला वनपाल आणि सर्वांत खाली नियतक्षेत्राला वनरक्षक. तुमचं गाव कोणत्या ना कोणत्या नियतक्षेत्रात येतंच, गावात वनजमीन असो वा नसो.

* वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन गावाचं नाव सांगा. नियतक्षेत्र, वनरक्षक आणि वनपाल यांची नावं व नंबर लिहून घ्या.
* गाव पैनगंगा अभयारण्याला लागून असेल तर प्रादेशिक वनविभाग की वन्यजीव विभाग, हे स्पष्ट विचारा. दोन्ही कार्यालयं वेगळी आहेत. चुकीच्या दारात अर्ज पडला की आठवडा फुकट जातो.
* हे नंबर ग्रामपंचायत, शाळा, दूध संकलन केंद्र आणि किराणा दुकान अशा चार ठिकाणी लावा.
* वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. वनरक्षकाचा फोन लागला नाही तर तिथे सांगा. माणसाच्या जिवावर बेतलं असेल तर ११२.
* बदली झाली की नंबर बदलतो. दरवर्षी पोळ्याच्या आसपास एकदा खात्री करून घ्या.

हा माणूस दिवसभर करतो तरी काय?

हे माहीत असलं तर त्याच्याकडून काय मागायचं ते कळतं. किनवटकडचा वनरक्षक दिवसाचा बराच वेळ पायी असतो. वाटेत तो ताजी तोड झाली आहे का पाहतो, पाणवठ्यावरचे ठसे बघतो, फासे लावलेत का ते शोधतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्यात जाळरेषा साफ करायच्या आणि रात्री-अपरात्री धूर दिसला की फायर वॉचरला घेऊन धावायचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर प्राण्यांची नोंद असते.

लातूरकडच्या वनरक्षकाचं काम वेगळं आणि विखुरलेलं. इथे वनाचे तुकडे गावोगाव पसरलेले असतात. त्यावरचं रोपवन जगवायचं, अतिक्रमण रोखायचं, वृक्षतोडीच्या तक्रारी पाहायच्या आणि विहिरीत पडलेल्या कोल्ह्यापासून उसातल्या बिबट्यापर्यंत सगळ्यासाठी धावायचं. दोन्हीकडे हातात बहुधा एक काठी, एक बॅटरी आणि मोबाइल, आणि मदतीला एखादा वनमजूर. अलीकडे या कामावर मुलीही मोठ्या संख्येनं आहेत. 'बाई काय करणार' म्हणत त्यांच्या सूचना उडवून लावाल तर नुकसान तुमचंच आहे.

त्याच्या हातात काय आहे, काय नाही

वनरक्षक करू शकतो :

* ठसे, विष्ठा, शिकारीच्या खुणा पाहून कोणतं जनावर आहे याचा अंदाज घेणं, गस्त घालणं, कॅमेरा लावण्यासाठी वर कळवणं.
* जमाव मागे हटवणं आणि बचाव पथक बोलावणं.
* नुकसानीची खबर घेणं, जागेवर येऊन पाहणी व पंचनाम्याची सुरुवात करणं.
* शिकार, तोड, वणवा याबाबत वनगुन्हा नोंदवणं आणि मुद्देमाल जप्त करणं.

तो हे करू शकत नाही :

* स्वतःच्या मर्जीनं पिंजरा लावणं किंवा बेशुद्धीचं इंजेक्शन मारणं. बिबट्या, वाघ, अस्वल हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि भूल द्यायला तज्ज्ञ पशुवैद्यक.
* "गोळी घाला" म्हटल्यावर गोळी घालणं.

म्हणून "पिंजरा लावा, नाहीतर रस्ता रोको" ही पहिली मागणी करू नका. नुसता बिबट्या दिसला एवढ्यावर पिंजरा लावणं बहुतेक वेळा अंगाशी येतं. जुन्नर भागात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला आहे. एक हटवला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि सोडलेलं जनावर अनोळखी मुलुखात बिथरतं. माणसावर हल्ला झाला असेल, जनावर वस्तीत अडकलं किंवा जखमी असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या पत्रासह लेखी मागणी करा आणि पोच घ्या. एरवी गस्त, कॅमेरा आणि रात्रीच्या विजेचं वेळापत्रक बदलणं या मागण्या जास्त कामाच्या आहेत.

जनावर दिसलं : पहिला तास

1. थांबा, पाठ फिरवू नका, पळू नका. ताठ उभे राहून, जनावराकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. लहान मूल बरोबर असेल तर न वाकता उचलून घ्या.
2. बिबट्या जातोय त्या दिशेनं वाट मोकळी ठेवा. दगड, फटाके, ट्रॅक्टरचा पाठलाग हे सगळं टाळा. बिबट्यानं माणसं जखमी केल्याच्या अनेक घटना अशा घेरावातच घडतात.
3. वनरक्षकाला फोन करा आणि चार गोष्टी सांगा : गाव व शेताचा गट नंबर, किती वाजता दिसलं, कोणत्या दिशेनं गेलं, कोणी जखमी आहे का.
4. सरपंच किंवा पोलीस पाटलांना कळवून लोकांना घरी थांबवा. ग्रुपवर फोटो टाकण्याआधी तो कुणी, कुठे, कधी काढला हे विचारा. दुसऱ्या जिल्ह्यातले जुने आणि बनावट फोटो भरपूर फिरतात. खात्री झाली नाही तर पुढे पाठवू नका.
5. जनावर घरात किंवा गोठ्यात शिरलं असेल तर बाहेरून दार लावा, दिवे बंद करा, खिडकीत डोकावू नका, आणि बचाव पथकाची वाट पाहा.

ठसा राखून ठेवा

वनरक्षक पोचेपर्यंत पन्नास माणसं त्या जागेवरून चाललेली असतात. मग तो ठरवणार कशावरून? मऊ मातीत ठसा दिसला की त्यावर घमेलं किंवा टोपलं पालथं घाला, वर दगड ठेवा. त्याआधी शेजारी काड्यापेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो.

तुम्हाला स्वतःलाही अंदाज घेता येईल. बिबट्याचा ठसा गोलसर, साधारण सात-आठ सेंटीमीटर रुंद, चार बोटांचा असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. रात्री बॅटरीच्या उजेडात दिसलेला 'बिबट्या' सकाळी ठशावरून तरस निघतो, असं पुष्कळदा होतं. पण शेवटचा निर्णय वनरक्षकाचा.

तीन ठिकाणी विशेष सांभाळा

उसाचा फड. तोडणी करताना पिल्लं सापडली तर उचलू नका, घरी नेऊ नका, सेल्फीसाठी हातात घेऊ नका. मादी जवळपासच असते. काम थांबवा, माणसं दूर न्या, वनरक्षकाला बोलवा. पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईकडे परत देण्याची पद्धत वनविभागाकडे आहे. फडाच्या कडेला टोळीच्या कोप्या असतील तर मुलांना अंधारात एकटं बाहेर पाठवू नका. खाली बसलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसतो, म्हणून शौचालयाची सोय मुकादमाकडून आणि कारखान्याकडून मागून घ्या.

मोहाची झाडं. किनवट-माहूरकडे उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुलं वेचायला जाताना अस्वलाची गाठ पडते. त्यालाही फुलं हवी असतात. उजाडल्यावर, तिघा-चौघांनी मिळून, बोलत जा. अस्वल बहुतेक वेळा दचकून हल्ला करतं, आवाज आला की आधीच बाजूला होतं. झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करू नका. वणवा बऱ्याचदा तिथूनच लागतो आणि तो वनगुन्हा आहे.

विना-कठड्याची विहीर. बिबट्या किंवा कोल्हा पडला तर वरून दगड मारू नका. चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज हळूच पाण्यात सोडा, म्हणजे जनावराला टेकायला जागा मिळते आणि पथक येईपर्यंत ते बुडत नाही. मग सगळे मागे सरका.

नुकसान झालं : मुदत आणि पुरावा

भरपाई हा तुमचा हक्क आहे, पण तो मुदतीशी बांधलेला आहे. महसूलच्या अतिवृष्टी पंचनाम्याशी याची गल्लत करू नका. वन्यप्राण्यांच्या नुकसानीची खबर वनविभागालाच गेली पाहिजे.

माणूस जखमी किंवा मृत

* आधी दवाखाना. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. लांडगा, कोल्हा, तरस चावल्यावर रेबीजची लस टाळायची नाही. मोठ्या जखमेला नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण किंवा लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय रुग्णालय गाठा.
* ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा. डॉक्टरला केसपेपरवर जखमेचं कारण लिहायला सांगा.
* ऑगस्ट २०२३ च्या शासन निर्णयानुसार मृत्यूस २५ लाख, कायमच्या अपंगत्वास साडेसात लाख आणि गंभीर जखमेस ५ लाख रुपये आहेत. मृत्यूच्या रकमेतला काही भाग वारसाच्या नावे मुदत ठेवीत राहतो. तेव्हा "सगळे पैसे का दिले नाहीत" म्हणून घाबरू नका.
* साप चावला तर ही भरपाई मिळत नाही. शेतकरी कुटुंबासाठी कृषी विभागाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अर्ज कृषी कार्यालयात करा.

गाय, बैल, म्हैस, शेळी

* इथेही ४८ तास. मेलेलं जनावर जागचं हलवू नका, पुरू नका. ओढत नेल्याच्या खुणा आणि मानेवरचे दात हाच पुरावा असतो.
* पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि पंचनामा दोन्ही लागतात. कानातला बिल्ला असेल तर त्याचा फोटो घ्या.
* गाय, म्हैस, बैल यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीला ही मर्यादा १५ हजार आहे.
* मोकाट कुत्र्यांनी शेळी फाडली तर वनविभाग भरपाई देत नाही. म्हणून खुणा खऱ्या तशाच दाखवा. खोटा दावा एकदा पकडला की गावाच्या पुढच्या खऱ्या दाव्याकडेही संशयानं पाहिलं जातं.

पीक

* नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो जोडा.
* पाहणीला वनविभाग आणि कृषी विभागाचे प्रतिनिधी व गावचा लोकप्रतिनिधी असतात. पाहणी होईपर्यंत ते वावर नांगरू नका, मोडलेलं पीक काढू नका.
* रानडुक्कर, रोही, हरीण, काळवीट, वानर यांचं नुकसान यात धरतात. दर व मर्यादा शासन निर्णयानं बदलतात. चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी मागा.
* वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला भरपाई नाही. वनहक्काचा पट्टा मिळाला असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा.
* पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान खरीप २०२६ पासून घेण्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं आहे. त्याची खबर ७२ तासांत द्यायची आहे. आपल्या जिल्ह्याला आणि पिकाला ते लागू आहे का, हे विमा भरतानाच विचारा.

इथे हमखास फसगत होते

* तारेत करंट सोडणं. डीपीवरून किंवा खांबावरून तार ओढून कुंपणात सोडली तर डुकराच्या आधी जागलीला निघालेला शेजारी मरतो. मग मनुष्यवधाचा आणि वीजचोरीचा असे दोन्ही गुन्हे. प्राणी मेला तर तिसरा. झटका मशीन वेगळी : ती बॅटरीवर क्षणिक झटका देते, जीव घेत नाही. तीच वापरा, पण तिला मेन लाइन जोडू नका.
* मढ्यावर विष टाकणं. त्यानं भरपाई तर जातेच. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मेला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद.
* परवानगीशिवाय डुक्कर मारणं. रानडुक्कर आणि रोही फारच उपद्रव देत असतील तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो. परवाना हातात येईपर्यंत फासे, गावठी बॉम्ब, बंदूक काहीच नाही. मटण वाटून घेणाऱ्यांवरही गुन्हा होतो. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मेला, तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण मागाहून घेरून मारलं आणि 'स्वसंरक्षण' म्हटलं, तर पंचनाम्यात ते टिकत नाही.
* एजंट. भरपाईच्या अर्जाला दलाल लागत नाही. टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

काम अडलं तर दाद कुठे मागाल?

मनुष्यहानी, पशुधन आणि पीक नुकसानीची भरपाई या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. म्हणजे ठराविक मुदतीत निर्णय देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.

1. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही.
2. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा.
3. पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पदनिर्देशित अधिकारी व अपील अधिकाऱ्यांची नावं कार्यालयात फलकावर असायला हवीत. नसतील तर तीही तक्रार करा.

वनरक्षकाशी भांडून यातलं काही होत नाही. रक्कम मंजूर करणं त्याच्या अधिकारात नाही. पण त्याचा अहवाल कच्चा राहिला तर अर्ज वर जाऊन परत येतो, म्हणून पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि पंचनामा वाचूनच सही करा.

गावानं मिळून करायचं

* दिवसा वीज मागा. बिबट्या-डुकरांशी गाठ पडते ती बहुतेक रात्रीच्या पाण्यामुळे. वनविभागाचं पत्र जोडून महावितरणकडे दिवसाच्या वेळापत्रकाची मागणी करा.
* सौर कुंपण. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, १५ हजारांच्या मर्यादेत. गाव यादीत आहे का, ते वनरक्षकाला विचारा.
* कचरा आणि कुत्री. उघड्यावर टाकलेलं कोंबडीचं मांस कुत्री बोलावतं आणि कुत्री बिबट्याला. चिकन सेंटरच्या कचऱ्याचा खड्डा ग्रामपंचायतीनं करावा. गोठ्याला रात्री दार आणि वर जाळी हवीच.
* समिती जिवंत ठेवा. जंगलालगतच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. किनवट, माहूर, हिमायतनगरकडच्या आदिवासी गावांच्या ग्रामसभांना वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नं जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारच दिला आहे. गावातली पाच-सहा तरुण मुलं-मुली निवडा. जमाव आवरणं, ठसे झाकणं आणि वनरक्षकाला वाट दाखवणं एवढंच काम त्यांना वनविभागाकडून शिकवून घ्या.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत वनरक्षकाला बोलावण्याचा एक विषय घाला. त्याच्या उपस्थितीत अर्जाचे नमुने, मुदती आणि नंबर वाचून दाखवा, ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्या. हे काम एका बैठकीत होतं, आणि ते ऊस वाढण्याच्या आत उरकलेलं बरं.